पेटीचे झाकण उघडा



बैलाला सुई टोचली, कानात बिल्ला बसला, नोंद झाली, की सरकारच्या लेखी काम संपले. बाटलीतल्या लसीत गुण शिल्लक होता की ती भाकड झाली होती, हे त्या नोंदीवरून कळत नाही. आमचे भांडण इथे आहे.

लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी केंद्राच्या खर्चाने देण्याचा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. चांगली गोष्ट आहे. पण ही लस कारखान्यापासून गोठ्यापर्यंत २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच राहिली पाहिजे. मोठ्या शीतगृहात ते जमते. साखळी तुटते ती बहुधा शेवटच्या कडीत. दवाखान्याची वीज जाते, पेटीतला बर्फ वितळतो, पेटी मोटारसायकलला बांधून उन्हातून फिरते. उष्णतेने लसीतला विषाणूचा कण फुटतो, आणि फुटक्या कणावरून जनावराच्या शरीराला रोगाची ओळख नीट पटत नाही.

जितकी गार तितकी बरी, असेही नाही. तेलातली ही लस गोठली तर बिघडते, मग वितळवून उपयोग नाही. म्हणून बाटली बर्फाला चिकटवून ठेवू नये. २०२२ साली लम्पीसाठी दिलेली शेळ्यांच्या देवीची लस निराळी होती. ती जिवंत विषाणूची, वाळवलेली. द्रावण मिसळले की काही तासांत संपवायची; सकाळी फोडलेली बाटली संध्याकाळी दुसऱ्या गावात चालत नाही.

लस देऊनही रोग आला तर दर वेळी दोष उन्हाचाच असतो असे नाही. वासराला पहिल्या टोचणीनंतर महिनाभराने द्यायची दुसरी मात्रा आपणच चुकवतो. पण ऐन पेरणीत खुरे सडून बैल बसला तर भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे आपल्याच खिशातून जातात. लस फुकट होती, हे तेव्हा कामाचे नाही.

टोचायला येणाऱ्या माणसाशी भांडू नका. एकाच्या माथी कितीतरी गावे असतात. मागणी वर करायची आहे: प्रत्येक पेटीत तापमापक हवा आणि निघताना व पोचताना त्यावरचा आकडा लिहिलेला हवा. त्याचा खर्च एका बैलाच्या किमतीपुढे काहीच नाही.

आपल्याकडून एवढे करा. पुढच्या फेरीला उजाडताच सगळी गुरे एका झाडाखाली आणा, म्हणजे पेटी दारोदार उघडावी लागणार नाही. सुई भरण्याआधी झाकण उघडून दाखवायला सांगा. आत कोमट पाणी असेल तर गुरे परत न्या आणि तिथेच दुसरी तारीख मागून घ्या.