पतंग आणि बहिरी ससाणा

उपमांच्या बाजारांत या दोन प्राण्यांना फार निराळा भाव मिळत आला आहे. दिव्यावर झेप घेणारा पतंग म्हणजे मूर्खपणाची मूर्ति, आणि आकाशांतून झडप घालणारा ससाणा म्हणजे पराक्रमाची. पुष्कळ घरांतून मुलांचीहि अशीच वांटणी होते: शेजाऱ्यांचा मुलगा ससाणा, आमचा मात्र पतंग! ही तुलना आम्हांस न्यायाची वाटत नाहीं.

प्रथम पतंगाचें पाहूं. तो दिव्याच्या मोहानें वेडा होतो, हा समज आतां टिकण्यासारखा राहिला नाहीं. इ. स. २०२४ त प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत वेगवान कॅमेऱ्यांनीं त्याचें उड्डाण टिपलें, तेव्हां दिसून आलें कीं, उडतांना तो आपली पाठ अधिक उजेडाच्या बाजूस फिरवितो. रात्रीं जमिनीपेक्षां आकाश उजळ असतें. म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली कीं अंगाचा तोल राहतो. हा नियम लक्षावधि वर्षें त्याच्या उपयोगी पडला. मग मनुष्यानें जवळ दिवा लाविला, आणि तोच नियम पाळणारा जीव त्याभोंवतीं घिरट्या घालूं लागला.

आतां ससाण्याकडे वळूं. बहिरी ससाणा शिकारीवर सूर मारतांना ताशीं ३०० किलोमीटरांहून अधिक वेग गांठतो. असा हा बलाढ्य पक्षी दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन व अमेरिका या देशांत झपाट्यानें कमी झाला. फवारलेलें डी.डी.टी. किड्यांतून लहान पाखरांत व पाखरांतून ससाण्यांत उतरलें. अंड्यांचीं कवचें पातळ होऊन अंडीं आईच्याच भारानें फुटूं लागलीं. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १९६७ सालीं कवचांतील हा फरक दाखवून दिला. अमेरिकेनें १९७२ त त्या विषाच्या बहुतेक वापरास बंदी केली, पाळलेल्या जोड्यांचीं पिलें मोकळीं सोडलीं, आणि १९९९ त हा पक्षी तेथील संकटग्रस्तांच्या यादींतून निघाला.

तात्पर्य, दोघेहि आपापल्या स्वभावाप्रमाणेंच वागत होते; बदलली ती भोंवतालची परिस्थिति, व ती बदलणारा मनुष्यच. ससाण्याची हानि पाहून त्यानें आपला हात आवरला. पतंगास मात्र तो अजून मूर्खच म्हणतो.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मूल अडखळलें तर त्यास दुसऱ्याच्या मुलाशीं ताडून पाहण्यापूर्वीं, त्याच्यापुढें आपण कोणता दिवा ठेविला आहे, तें पाहावें. आणि विद्यार्थीमित्रांनो, निजण्यापूर्वीं अंगणांतील दिवा आठवणीनें मालवा. पतंग आपल्या वाटेस लागेल.