कप तीनशे रुपयांना मिळतो, पण वापरायला शिकवणार कोण?

देवळाली प्रवरा : मोबाईलवरून ऑर्डर दिली की मासिक पाळीचा कप चार-पाच दिवसांत घरपोच येतो. किंमत साधारण ३०० ते ५०० रुपये. डबी उघडली की हातात येतो मऊ सिलिकॉनचा, उलट्या घंटेच्या आकाराचा छोटासा कप आणि त्याला खाली बारीक दांडी. सोबत माहितीचा कागद असतो, पण तो बऱ्याचदा इंग्रजीत. मग पहिला प्रश्न पडतो : हे आत जाणार कसं, आणि गेलं तर निघणार कसं?

हा प्रश्न विचारायचा कुणाला? आजीनं आणि आईनं कापड वापरलं. मोठ्या बहिणीनं पॅड वापरलं. कप वापरलेली बाई घरात नाही, गल्लीतही नाही. मेडिकलवाल्याला विचारायची लाज वाटते. अशा वेळी ती डबी कपाटात साड्यांखाली जाऊन बसण्याचीच शक्यता जास्त.

कपाबद्दल चर्चा होते ती किमतीची, नाहीतर 'आपल्याकडच्या बाया घेतील का' याची. खरी अडचण वेगळीच आहे. पॅड वापरायला शिकावं लागत नाही, कप वापरायला शिकावं लागतं. आणि शिकवायची सोय आपल्याकडे जवळजवळ कुठंच नाही.

सरकारी योजना पॅडच्याच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या मुलींना पाळीत काय वापरता असं विचारलं होतं. देशात ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी पॅड सांगितलं, ५० टक्के मुलींनी कापड. बऱ्याच जणी दोन्ही वापरतात. कप वापरणाऱ्या एक टक्काही नव्हत्या.

सरकारी योजनाही पॅडभोवतीच फिरतात. राज्यात ८ मार्च २०१८ ला 'अस्मिता' योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड, आणि गावात बचत गटांमार्फत विक्री, असं तिचं स्वरूप होतं. केंद्राच्या योजनेत आशाताईंकडून ६ रुपयांत ६ पॅड मिळायची सोय झाली. जनऔषधी दुकानात ऑगस्ट २०१९ पासून एक पॅड एक रुपयाला मिळू लागलं. १० एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखं धोरण करा असं केंद्राला सांगितलं. तिथंही मुख्य मुद्दे होते पॅड, मुलींसाठी शौचालय आणि वापरलेल्या पॅडची विल्हेवाट.

या योजनांनी मोठं काम केलं, यात शंका नाही. पॅडमुळे अनेक पोरींची शाळा बुडायची थांबली. पण पॅड दर महिन्याला विकत घ्यावं लागतं आणि दर महिन्याला कुठंतरी टाकावं लागतं. अडचण इथून सुरू होते.

घंटागाडीत काय जातं

२०११ च्या जनगणनेत देवळाली प्रवरा शहराची लोकसंख्या ३० हजारांच्या आसपास होती. त्यातल्या साधारण चौथा हिस्सा बाया पाळीच्या वयातल्या धरल्या तर झाल्या साडेसात हजार. त्यातल्या निम्म्यांनी जरी महिन्याला १० पॅड वापरली, तरी महिन्याला ३७ हजारांवर आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास पॅड होतात. हा फक्त ढोबळ हिशेब आहे, पण एवढ्याशा गावाचा आकडा किती मोठा होतो ते त्यातून कळतं.

ही पॅड जातात कुठं? काही घंटागाडीत, काही उकिरड्यावर, काही संडासात टाकली जातात आणि पाईप तुंबतो. पॅडमधलं प्लास्टिक मातीत कुजत नाही. चुलीत जाळलं तर धूर घरातल्यांच्याच नाकात जातो. घनकचरा नियमांप्रमाणे असं पॅड नीट गुंडाळून द्यायचं असतं. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' संस्थेनं २०१७ मध्ये त्यासाठी मोहीम चालवली : पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला न उघडता कळेल. दुसऱ्या बाईचं रक्त हातानं उपसायची वेळ कुणावर येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

कप वापरला तर हा कचराच होत नाही. नीट सांभाळला तर एक कप पाच ते दहा वर्षं चालतो. पैशाचं गणितही सोपं आहे. सहा रुपयांचं एक पॅड, महिन्याला दहा, म्हणजे वर्षाला ७२० रुपये. कपाचे पैसे वर्षाच्या आतच वसूल होतात. जनऔषधीचं एक रुपयाचं पॅड वापरणाऱ्या बाईला मात्र तीन-चार वर्षं लागतील.

उसाच्या फडातली बाई

प्रवरेच्या पाण्यावरचा हा पट्टा उसाचा. दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, शेवगावकडच्या टोळ्या येतात आणि कोप्या पडतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते. फडात शौचालय नाही, आडोसा म्हणजे ऊसच. पॅड चार-सहा तासांनी बदलायला हवं, पण बदलायचं कुठं आणि टाकायचं कुठं? पाळी आली म्हणून घरी बसलं तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. म्हणून ओलं कापड तसंच ठेवून मोळ्या वाहायच्या. त्यातून खाज, जंतुसंसर्ग, पांढरं जाणं सुरू होतं.

याचा शेवट कुठं होतो ते २०१९ मध्ये राज्यानं पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर सहा बायांमागे एक. 'पिशवी काढली की पाळीची कटकटच नाही' हा विचार त्यामागे होता, आणि कटकट खरी होती.

कप सलग आठ तास आत ठेवता येतो, काही कंपन्या बारा तासांपर्यंत सांगतात. म्हणजे कोपीतून निघताना घातला की परत येईपर्यंत पुष्कळदा काढायची गरज पडत नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशी जास्त जात असेल तर मधे एकदा रिकामा करावा लागतो. चालताना, वाकताना, मोळी उचलताना तो नीट बसलेला असेल तर गळत नाही.

पण कप म्हणजे जादू नाही. त्याला हात धुवायला स्वच्छ पाणी लागतं आणि दोन मिनिटांचा एकांत लागतो. आधीच जंतुसंसर्ग असेल किंवा रक्त फार जात असेल तर कपानं ते बरं होत नाही, त्याला डॉक्टरच लागतो. कप दिला म्हणून कारखाना किंवा मुकादम यांची पाणी-शौचालयाची जबाबदारी संपत नाही.

पहिले दोन-तीन महिने

पहिल्यांदा वापरताना काय होतं ते आधीच माहीत असलं तर भीती निम्मी होते.

पाळी सुरू व्हायच्या आधी कप पाच मिनिटं पाण्यात उकळायचा. त्यासाठी एक जुनं पातेलं वेगळं ठेवायचं. कप तळाला लागून करपू नये एवढं पाणी हवं. हात साबणानं धुवायचे. कपाची दुहेरी घडी घालायची, म्हणजे त्याचं तोंड इंग्रजी सी अक्षरासारखं दिसतं. उकिडवं बसून किंवा एक पाय स्टुलावर ठेवून तो हळूहळू आत सरकवायचा. दिशा सरळ वर नको, थोडी पाठीच्या कण्याकडे हवी. आत गेल्यावर सोडला की कप उघडतो. खालून बोट फिरवून पाहायचं, घडी राहिली असेल तर थोडा फिरवायचा.

काढताना चूक होते ती दांडी धरून ओढण्याची. तसं ओढलं तर दुखतं. आधी कपाचा खालचा भाग चिमटीत दाबायचा, म्हणजे आतली पकड सुटते. मग हलवत हलवत बाहेर घ्यायचा, रिकामा करायचा आणि पाण्यानं धुवून परत घालायचा. पाळी संपली की पुन्हा उकळून, कोरडा करून सुती पिशवीत ठेवायचा. डेटॉल, तेल, हळद असलं काही लावायचं नाही.

पहिल्या वेळी जमेलच असं नाही. अंग आखडलं की कप जात नाही, तेव्हा थोडा वेळ थांबायचं. पहिल्या महिन्यात थोडं गळतं, म्हणून सोबत कापड किंवा पॅड ठेवायचं. बहुतेक जणींना हात बसायला दोन-तीन पाळ्या लागतात.

सगळ्यात मोठी भीती म्हणजे कप पोटात हरवेल. तसं होत नाही. वर गर्भाशयाचं तोंड असतं, तिथून कप पुढं जाऊच शकत नाही. लघवीची वाटही वेगळी, त्यामुळे कप घालून लघवीला जाता येतं. दुसरी भीती लग्न न झालेल्या मुलींच्या घरची. योनीतला पडदा ताणला जाणारा असतो आणि प्रत्येकीचा वेगळा असतो, त्यावरून मुलीचं चारित्र्य ठरत नाही. तरीही मुलीला नको वाटत असेल तर जबरदस्ती नको.

कॉपर-टी बसवलेल्या बाईनं आधी डॉक्टरांना विचारावं, कारण कप ओढताना ती सरकू शकते. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत कप वापरू नये. अंग बाहेर येत असेल तरी आधी दाखवून घ्यावं. कप असताना अचानक ताप, उलट्या, अंगावर पुरळ आलं तर कप काढून लगेच दवाखाना गाठावा. असं फार विरळ होतं, पण माहीत असावं.

केरळात काय झालं

२०१८ च्या महापुरात केरळच्या मदत छावण्यांत वापरलेल्या पॅडचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यानंतर एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीनं 'थिंकळ' प्रकल्पातून आलप्पुळा शहरात ५ हजार कप मोफत दिले. १३ जानेवारी २०२२ ला एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबळंगी हे मच्छीमारांचं गाव देशातलं पहिलं पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झालं. कपासोबत तिथं बायांना प्रशिक्षणही दिलं गेलं. नुसती डबी हातात ठेवून लोक निघून गेले नाहीत.

नेपाळच्या चितवन भागातला अनुभवही हेच सांगतो. तिथं २००६ ते २००८ या काळात १९८ शाळकरी मुलींवर अभ्यास झाला आणि त्यातल्या काहींना कप दिले. सहा महिन्यांत कप मिळालेल्या सुमारे ६० टक्के मुली तो वापरू लागल्या. मुख्य म्हणजे जिच्या मैत्रिणींनाही कप मिळाला होता, ती लवकर शिकली. कारण मैत्रिणीनं कप चांगला म्हटला एवढंच नव्हतं, तो घालायचा कसा हे तिनं सांगितलं. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१९ मध्ये ४३ अभ्यास एकत्र तपासले. कप सुरक्षित आहे, आणि तो वापरून पाहिलेल्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास बायांना पुढेही तोच हवा होता. पण सवय व्हायला काही महिने द्यावे लागतात, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

इथं काय करता येईल

महिला व बालकल्याणासाठी नगरपालिकांनी ५ टक्के आणि ग्रामपंचायतींनी १० टक्के निधी राखून ठेवायचा असतो. त्यातून शिलाई मशीन येतात, हळदी-कुंकवाचे कार्यक्रम होतात. त्याच पैशातून प्रभागातल्या दहा-बारा तयार असलेल्या बायांना कप देता येतील. पण २८ मेच्या मासिक पाळी स्वच्छता दिनी वाटप, फोटो आणि बातमी एवढ्यावर थांबलं तर ते पैसे वाया जातील. त्याच दहा जणींना तीन महिने आशाताईंनी किंवा नर्सताईंनी भेटायला हवं. कुणाचा गळतोय, कुणाचा निघत नाही, कुणी सोडून दिला, हे विचारायला हवं. त्यातल्या सहा जणी जरी शिकल्या तरी पुढच्या साठ जणींना शिकवायला बाहेरून माणूस आणावा लागणार नाही. त्यासाठी आधी आशाताईंना स्वतःला प्रशिक्षण द्यावं लागेल. त्यांच्या मानधनात हे फुकटचं काम म्हणून ढकलून चालणार नाही.

ऊसतोड बायांसाठी वेळ निवडावी लागेल. फडात आल्यावर शिकणं अवघड आहे. त्या घरी असतात ते पावसाळ्यात. पाथर्डी, शेवगाव, बीडच्या गावांत जून ते सप्टेंबरमध्ये शिकवलं तर दिवाळीपर्यंत तीन-चार पाळ्यांचा सराव होतो.

आणि ज्या बाईला कप नकोच आहे तिला कापड किंवा पॅड वापरायचा पूर्ण हक्क आहे. कापडही चांगलंच, फक्त साबणानं धुवून उन्हात वाळवलेलं हवं. कुणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवलेलं कापड दमट राहतं आणि त्रास देतं.

पुढच्या ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत 'कप किती रुपयांना मिळतो' हे कुणीतरी विचारेलच. त्यासोबत 'आम्हाला शिकवायला कोण येणार, आणि पुढच्या महिन्यात परत येणार का' हेही विचारलं पाहिजे.