एमबीए एचआर आणि आजचा जॉबर

पदवीचे निकाल लागले की आमच्या तालुक्यात चौकाचौकात बोर्ड झळकतात, 'एमबीए एचआर, शंभर टक्के प्लेसमेंट.' ओळखीतली पोरं विचारतात, "दादा, घेऊ का ॲडमिशन?" घ्या की. पण आपण काय शिकायला चाललोय, ते आधी समजून घ्या.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी भरती जॉबरच्या हातात होती. त्याचे हात ओले केल्याशिवाय काम मिळायचं नाही, आणि त्याची मर्जी गेली की कामही जायचं. १९३१ साली व्हिटली आयोगाने सांगितलं, माणसं नेमायचा-काढायचा अधिकार जॉबरकडून काढा, कामगार अधिकारी नेमा. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आज ज्याला आपण एचआर म्हणतो, त्याचं आपल्याकडचं एक मूळ इथं आहे. कामगार आणि दलाल यांच्या मधे उभा राहणारा माणूस!

आता आमच्या एमआयडीसीत या. मशीनवरचा पोरगा कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. पगारातून किती कापले, पीएफ भरला का, त्याला पत्ता नाही. विचारलं तर 'उद्यापासून येऊ नको'. जॉबर गेला कुठं? नाव तेवढं बदललं. आणि वाईट याचं वाटतं की फी भरून एचआर झालेली आपलीच पोरं त्या ठेकेदाराच्या ऑफिसात मस्टर भरत बसलीत. कायदा कुणी नीट शिकवलाच नाही, तर ती तरी काय बोलणार?

म्हणून कॉलेजात गेलात की नुसती इमारत आणि एसी बघून येऊ नका. तीन गोष्टी विचारा.

एक, २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने २९ कायदे जाऊन चार कामगार संहिता आल्या, त्या कोण शिकवतं?

दोन, नव्या संहितेत कल्याण अधिकाऱ्यासाठीचा आकडा ५०० वरून २५० वर आणलाय. म्हणजे छोट्या कारखान्यांतही जागा निघू शकतात. त्या पदासाठी सरकार ही पदवी धरतं का?

तीन, दोन वर्षांत प्रत्यक्ष कारखान्यात किती दिवस पाठवणार?

विचारायला लाजू नका. फी तुमच्या बापाला सोयाबीन विकून भरायचीय.

आणि उद्या एचआरच्या खुर्चीत बसलात, तर ठेकेदाराच्या पोरालाही दर महिन्याला पगाराची स्लिप मिळते का, एवढं तरी बघा.