बाकावरचा तिसरा

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यात एका शिक्षिकेने वर्गातल्या मुलांकडूनच एका मुस्लिम मुलाच्या थोबाडीत मारून घेतले. व्हिडिओ देशभर फिरला, तुषार गांधी यांच्या याचिकेमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पण शाळेतले रोजचे टोमणे न्यायालयापर्यंत पोहोचत नाहीत. ते मधल्या सुट्टीतच जिरतात.

आमच्या तालुक्याच्या शाळेत भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास प्रश्न यायचा, "काय रे, काल तुमचे हरले ना?" मी मान खाली घालून वही काढायचो. एकदा शेजारी बसणारा मित्रच उठला. म्हणाला, "हा काल आमच्याच घरी मॅच बघत होता. शेवटच्या ओव्हरला माझ्यापेक्षा जास्त ओरडला." वर्ग हसला, पण या वेळी माझ्यावर नाही. घरी अम्मीला मी काहीच सांगितले नव्हते, आणि शिक्षकांकडे जायचे तर सुचलेही नसते.

छळात दोघेच नसतात. तिसरा असतो, बघणारा. तो हसला की त्रास देणाऱ्याला जोर चढतो.

कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात २००७ साली नववीतला एक मुलगा नव्या शाळेत पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला, म्हणून मोठ्या मुलांनी त्याला 'समलिंगी' म्हणून हिणवले, धमकावले. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस यांना ते कळले. दोघांनी स्वस्तातले बरेच गुलाबी शर्ट विकत घेतले आणि रात्री शाळासोबत्यांना निरोप पाठवले. सकाळी शेकडो मुले गुलाबी रंगात. एकाला चिडवणे सोपे असते. एवढ्यांना कोण चिडवणार? आज कॅनडात दर फेब्रुवारीत 'पिंक शर्ट डे' पाळतात.

आपल्याला शर्टही लागत नाहीत. ज्याला वेगळे पाडले आहे त्याच्या शेजारी डबा उघडा. शिक्षकांकडे एकटे जायला भीती वाटत असेल तर तिघे मिळून जा. चिडवण्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला तर तो पुढे पाठवू नका.

आणि हे फक्त आपल्यावर अन्याय होतो तेव्हाच नव्हे. आपण स्वतःला कायम सोसणाऱ्यांच्या बाजूला धरतो, ते नेहमीच खरे नसते. बिरादरीवरून, सावळ्या रंगावरून, बायकी चालीवरून आपल्या मोहल्ल्यात कमी टिंगल होते का?

आमच्याच गल्लीतला एक मुलगा बोलताना अडखळायचा. वर्गात त्याची नक्कल व्हायची, आणि मीही हसायचो. सगळे त्याच्यावर हसत असेपर्यंत माझ्यावर कोणी हसत नव्हते, हे मला पक्के ठाऊक होते. नववीनंतर त्याने शाळा सोडली. आता त्याचे गॅरेज आहे. गावी गेलो की माझ्या बाइकची चेन तोच घट्ट करून देतो, पैसे घ्यायला नको म्हणतो. शाळेचा विषय मी अजून त्याच्याकडे काढलेला नाही.