पुडीला कोणी विचारत नाही

शहाड स्टेशनच्या जिन्याचा कठडा मी धरत नाही, कारण धरवत नाही. सकाळचे दोन तास बोटं वळत नाहीत; दुधाची पिशवी दाताने फोडते. आमवातावर मेथोट्रेक्सेटने भागेना, तेव्हा परळच्या डॉक्टरांनी बायोलॉजिक इंजेक्शन सुचवलं आणि आमच्या सोसायटीत कॅन्सरतज्ज्ञांचं पीक आलं. "अगं, त्याने लिम्फोमा होतो! गूगलवर आहे."

आहे ना. 2009 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने टीएनएफ रोखणाऱ्या बायोलॉजिक औषधांवर मुलांमधल्या लिम्फोमाचा आणि इतर कर्करोगांचा इशारा चौकटीत छापायला लावला. तो खोटा नाही. पण आमवात असलेल्याला लिम्फोमाचा धोका मुळातच इतरांच्या साधारण दुप्पट असतो, इंजेक्शनचं नावही ऐकलेलं नसलं तरी. 2006 मध्ये स्वीडनमधल्या सुमारे 75 हजार रुग्णांच्या नोंदींतून एवा बेकलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सर्वात मोठा धोका ज्यांचा आमवात वर्षानुवर्षं धगधगत राहिला त्यांना. पेशींना रात्रंदिवस चेतवत ठेवलं की एखादी बिथरू शकते. हे कुणी फॉरवर्ड करत नाही. रिटुक्सिमॅब हे बायोलॉजिक आधी, 1997 मध्ये, लिम्फोमावरच मंजूर झालं आणि आमवातावर 2006 मध्ये, हेही नाही.

शेजारच्या काकूंनी आधी बिर्ला मंदिरातल्या विठ्ठलाला नवस बोलायला सांगितलं. विठ्ठलाशी माझं भांडण नाही, तो निदान स्टेरॉइड घालत नाही. मग त्यांनी कुणा वैद्याची पुडी आणून दिली. पांढरी भुकटी, वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात, नाव नाही, मात्रा नाही. तिसऱ्या दिवशी मी फुगडी घालण्याइतकी बरी! दोन महिन्यांत तोंड पुरीसारखं फुगलं, साखर चढली. परळच्या डॉक्टरांनी नाडीही पाहिली नाही, चेहरा पाहिला. "पुडी कोण देतंय?"

इंजेक्शनला शंभर प्रश्न विचारणाऱ्या काकूंनी पुडीला एकही विचारला नव्हता. मीही नव्हता.

डॉक्टर मंडळींनी हसू नये. इंजेक्शन सुरू होण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी माझ्यापुढे त्याचा फॉर्म सरकवून "इथे सही करा" एवढंच सांगितलं होतं. आपल्याकडे या इंजेक्शनांचा रोजचा धोका क्षयाचा आहे; शरीरात झोपलेला क्षय ती जागा करू शकतात. छातीचा एक्स-रे नाही, मांटू चाचणी नाही, थेट सही! परळला या दोन्ही तपासण्या झाल्यावरच पहिली सुई टोचली.

आणि लिम्फोमाची खूण असू शकणारी मानेतली गाठ? आपल्याकडे ती दिसली की अनेकदा तपासाआधीच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, आणि लिम्फोमा असला तर तो तेवढे महिने आरामात वाढतो. तेव्हा इंजेक्शन चालू असो वा नसो, मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ लागली, रात्री घामाने उशी भिजली, वजन उतरलं, तर काकूंना विचारू नका. बायोप्सी मागा.