मुलाच्या हातचा खाऊ

भगिनींनो, फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झाले नसतील. सोऱ्या धुऊन माळ्यावर टाकावा की चकल्यांचा आणखी एक घाणा काढावा, या विचारात तुम्ही असाल. सोऱ्या खुशाल वर ठेवा. पण गूळ, दाणे आणि तीळ यांचे डबे मात्र हाताशी असू द्या. कारण सुट्टी संपेल, शाळा उघडेल, थंडी पडेल, आणि एके दिवशी दिवेलागणीला पोरगे धावत येऊन सांगेल, "माय, उद्या शाळेत आनंदनगरी हाय. मला बी दुकान लावायचंय!"

हिंगोली जिल्ह्यातल्या आयांना हे सांगायला नको. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यात जा, जिल्हा परिषदेच्या शाळेत हिवाळ्यात कधी ना कधी आनंदनगरी भरतेच. कुठे तिला बाल आनंद मेळावा म्हणतात, कुठे बाजार. इंग्रजी शाळांतून 'बेक सेल' म्हणतात एवढाच फरक. पटांगणात बाके मांडायची, घरचा खाऊ आणून विकायचा, गुरुजी-बाई आणि गावकरी गिऱ्हाइके व्हायची, आणि संध्याकाळी नफा-तोट्याचा हिशेब वहीत लिहायचा. फळ्यावर ज्या गणिताला तास लागतो, ते गणित इथे पाच रुपयांच्या नाण्याने चटकन समजते.

पण होते काय, तो निरोप बहुधा आदल्या संध्याकाळी येतो. मग दोनांपैकी एक गोष्ट घडते. एक तर आई रात्री बारापर्यंत वडे-भजी तळत बसते, आणि सकाळी मूल आयता डबा घेऊन जाते; नाही तर वडील कोपऱ्यावरच्या दुकानातून कुरकुऱ्यांची माळ आणून देतात आणि मूल ती रुपया-दोन रुपये चढवून विकते. पहिल्या प्रकारात कष्ट आईचे, दुसऱ्यात कारखान्याचे. मुलाच्या वाट्याला फक्त गल्ला! शिवाय पुड्यांविषयी सरकारचेही म्हणणे आहे, बरे का. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे चरबी, मीठ वा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायला मनाई आहे. ती पाळली जाते किती, हे शाळेबाहेरची टपरी पाहिलेल्यांना मी काय सांगावे!

तेव्हा आपण आपल्यापुरता नियम करू: पदार्थ असा निवडावा, की त्यातले निम्मे काम तरी मुलाने स्वतः केले पाहिजे. आणि मुलाने म्हणजे मुलानेही. लाडू वळायला मुलगी आणि गल्ल्यावर मुलगा, अशी वाटणी मला मुळीच पसंत नाही.

या कामी पहिला मान दाण्याच्या लाडवांचा. चूल फक्त दाणे भाजण्यापुरती लागते. ३०० ग्रॅम दाणे मंद आचेवर खमंग भाजावेत. भाजण्यापूर्वी मुलाला ताट देऊन ते निवडायला बसवावे. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निर्दयपणे फेकून द्यावेत. बुरशीचे विष भाजल्याने जात नाही, म्हणून "भाजले की चालतात" या भरवशावर राहू नये. दाणे गार झाले की हाताने चोळून, सुपात पाखडून टरफले काढावीत. हे काम मुलांना इतके आवडते की अंगणभर टरफले होतात, ती त्यांच्याकडूनच झाडून घ्यावीत. मग दाणे आणि २०० ग्रॅम चिरलेला गूळ एकत्र कुटावा. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवला तर दाण्यांना तेल सुटून लगदा होतो. चिमूटभर वेलची घालून लहान लिंबाएवढे लाडू वळावेत. वळताना फुटत असतील तर चमचाभर तूप पुरे. साधारण चोवीस लाडू होतात. एखाद्या मुलाला दाणे सोसत नाहीत, म्हणून लाडू कशाचे हे विचारल्यावर नीट सांगायला शिकवावे.

आता हिशेब, कारण खरी गंमत तिथे आहे. समजा दाणे किलोला १६० रुपये आणि गूळ ६० रुपये. तुमच्याकडचा भाव वेगळा असेल तर तो धरा. दाण्यांचे ४८, गुळाचे १२, वेलची, गॅस व पाने यांचे १०, एकूण ७० रुपये. एक लाडू पाच रुपयांना. चोवीस लाडवांचे १२० येतील असे मूल झटकन सांगते. पण एक लाडू स्वतः चाखला, एक धाकटीला दिला, एक वाटेत फुटला. उरले एकवीस, त्यांचे १०५. म्हणजे हाती राहिले ३५. हे ७० रुपये भांडवल आईने दिले आहे, ते संध्याकाळी आईला परत करायचे, हे आधीच ठरवून टाकावे. "घरचंच तर हाय" असे म्हणून ते सोडून देणाऱ्या आया फार. मायेने सोडतात, पण मग मुलाला वाटते की गल्ल्यातले १०५ रुपये म्हणजे सगळा नफा. घरातला गूळ फुकट येत नाही, हे दहाव्या वर्षी कळलेले बरे. आईच्या मजुरीचा आकडा त्या वहीत कुणीच मांडत नाही. एकदा मांडून पाहा. नफ्याच्या जागी तोटा दिसेल आणि मूल तुमच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहील.

तिखटात आपल्या मराठवाड्याचे धपाटे सोडून दुसरीकडे जायचे कारण काय? दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा, जिरे, ओवा, तीळ, मीठ, मूठभर कोथिंबीर आणि हळद. हळदीच्या जिल्ह्यात ती किती घालावी हे मी सांगू नये, पण पिठावर छान पिवळी झाक यावी. कोमट पाण्याने मऊसर मळून ओल्या फडक्यावर थापावे, मधे बोटाने भोक पाडावे, आणि फडक्यासकट उचलून तव्यावर उलटे टाकून फडके सोडवून घ्यावे. थापणे मुलाचे, तव्यावरचे काम आईचे किंवा आजीचे. इतक्या पिठाचे सात-आठ धपाटे होतात. अख्खा विकू नये. चार तुकडे करून चतकोर पाच रुपयांना, वर शेंगदाण्याची चटणी. दही घरीच बरे. ते दप्तरात सांडते, आणि मग नफा-तोट्याच्या वहीचाच काला होतो. धपाटे दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात, म्हणून आदल्या रात्री करून ठेवता येतात. सुशीलाही आपल्याकडची लाडकी, पण भिजवलेले मुरमुरे ऊन ऊन खाण्यातच गंमत. दोन तास डब्यात राहिले की ते गिचका होतात. शाळा घराशेजारी असेल तरच तिच्या वाटेला जावे.

त्याच मुरमुऱ्यांची भेळ मात्र अवश्य करावी. इथे मुलाला खरा दुकानदार होता येते: मुरमुरे, शेव, भाजके दाणे, चिरलेला कांदा, कोथिंबीर वेगवेगळ्या डब्यांत, आणि गिऱ्हाईक समोर आले की कालवायचे. आधी कालवून ठेवली की मऊ पडलीच. चिंच-गुळाचे पाणी उकळून गार केलेले असावे. पाणीपुरीचा हट्ट धरला तर मी तरी नाही म्हणेन. हंडाभर पाण्यात पन्नास पोरांच्या पुऱ्या आणि विकणाऱ्याचा हात बुडायचा, आणि आठवड्याने निम्मा वर्ग तापाने घरी.

चिक्कीविषयी एक इशारा. गुळाचा पाक उकळत्या पाण्याहून जास्त तापतो आणि अंगाला चिकटून बसतो. पाक मोठ्यांनीच करावा. मुलाने लाटलेल्या वडीवर सुरीने रेघा माराव्यात, इतकेच.

शहरातल्या शाळेने भट्टीतलाच पदार्थ हवा म्हटले तर नानकटाई करावी. अर्धी वाटी थिजलेले तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर हाताने हलके होईपर्यंत फेसावी. त्यात पाऊण वाटी कणीक, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, चिमूटभर मीठ व वेलची घालून गोळे करावेत आणि अंगठ्याने जरा दाबावेत. ज्वारीला चिकटपणा नाही म्हणून तिची पोळी लाटता येत नाही. नानकटाईत नेमका तोच गुण कामी येतो, ती खुसखुशीत होते. ओव्हन नको. जाड कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावी. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे. कडा तांबूस दिसल्या की काढावी. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून कच्ची समजून पुन्हा भाजू नये. गावात बेकरी असेल तर दिवाळीत बिस्किटांचे पीठ नेतो तसे तिथे नेऊन भाजून आणावे. मुलाला भट्टीही पाहायला मिळते.

आता ज्या घरी हे काहीच जमणार नाही त्यांचे काय? कापूस वेचणीच्या किंवा हळद काढणीच्या दिवसांत आई उजाडायच्या आत रानात जाते. दिवाळी झाली की मराठवाड्यातली किती तरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि मुले आजीपाशी राहतात. अशा मुलाच्या टेबलावर काय ठेवायचे, हा प्रश्न मला सगळ्या कृतींपेक्षा मोठा वाटतो. कारण आनंदनगरीच्या दिवशी शाळाच बुडवणारे मूल बहुधा या घरातले असते. त्याच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा मीठ-हळद घालून उकडाव्यात. आजीला जमते, आणि मुलालाही बघून येते. बांधावरची बोरे धुऊन, किडकी वेगळी काढून तिखट-मीठ लावावीत. हरभरा घाट्यावर आला असेल तर हुळा भाजावा. हा माल दुकानात मिळत नाही, म्हणून तो सगळ्यांच्या आधी संपतो. गुरुजनांना माझी विनंती आहे की, दोन-तीन मुलांचे मिळून एक दुकान करावे. एकाची शिधा, दुसऱ्याचे हात, तिसऱ्याचा हिशेब. आणि दुकान लावणाऱ्या मुलालाही दुसऱ्याकडचे काही घेऊन खाता यावे, म्हणून सकाळीच प्रत्येकाला पाच रुपयांची शाळेची चिठ्ठी द्यावी. खिशात काही नसताना दुसऱ्यांना खाताना बघत उभे राहणे फार कठीण असते.

बांधून द्यायला वर्तमानपत्र घेऊ नये. त्याची शाई पोटात जाते, आणि २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ त्यात गुंडाळायला मनाईही केली आहे. पळसाची पाने आपल्याकडे आहेत. द्रोण लावायला आजी शिकवील, आदल्या दिवशी बसून पंचवीस द्रोण सहज होतात. नखे कापलेली, हात साबणाने धुतलेले, लाडवांवर स्वच्छ फडके आणि वाढायला चमचा.

हल्ली काही टेबलांवर पैसे घ्यायला क्यूआर कोडही लावलेला असतो! पैसे जातात वडिलांच्या खात्यात, आणि मूल मोबाइलची घंटी ऐकत बसते. त्यापेक्षा नाणी मोजू द्यावीत. त्यासाठी आदल्या दिवशीच वाण्याकडून पाचाची दहा नाणी आणि दोन-एक रुपयांची थोडी मोड आणून डबीत घालावी आणि डबीत किती आहे ते आधी वहीत लिहून ठेवावे, नाही तर संध्याकाळी तेही पन्नास-साठ रुपये नफ्यात धरले जातील.