घटना आणि जुने कायदे

परकीय सत्ता गेली की तिचे कायदेही तिच्याबरोबर बोटीत बसून जातात, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे सहसा घडत नाही. राज्ययंत्र एका रात्रीत थांबू नये म्हणून नवी राष्ट्रे जुने कायदे चालू ठेवितात. आमच्या घटनेच्या ३७२ व्या कलमाने तेच केले. मात्र मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्दबातल होय, असे १३ व्या कलमाने बजावून ठेविले.

ह्या दोन कलमांच्या मधल्या जागेत माणसे कशी अडकतात, हे गुन्हेगार जमातींच्या कायद्यावरून दिसते. इंग्रजांनी तो १८७१ साली केला. जमात एकदा गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तीत जन्मणे हाच अपराध! पोलिसांकडे नाव नोंदवावयाचे, हजेरी द्यावयाची, हद्दीबाहेर जाण्यास परवाना घ्यावयाचा. जाहीरनाम्याच्या वैधतेविषयी न्यायालयात प्रश्न काढण्याचीही बंदी. सोलापुरास अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवीत. जन्मावरून माणूस पारखण्याची येथील रूढी इंग्रजांच्या किती उपयोगी पडली, हे वेगळे सांगावयास नको.

घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. काही प्रांतांनी हा कायदा आधीच काढून टाकिला होता. देशभर तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पुढे राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. त्यात जमात नाही, व्यक्तीला झालेल्या शिक्षा पाहावयाच्या आहेत. हा फरक लहान नव्हे. परंतु अनेक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत जुनीच भाषा राहिली. कैद्याची जात पाहून झाडलोट व स्वयंपाक नेमून द्यावयाचा, भटक्या जमातीच्या माणसास सराईत समजावयाचे, असे ते नियम. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले ३ ऑक्टोबर २०२४ रोजी! अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम ७४ वर्षे घटनेत होते. पण ते आपण होऊन तुरुंगात शिरले नाही. एका पत्रकार भगिनीने ३२ व्या कलमाखाली दाद मागितली, तेव्हा ते आत गेले. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत ह्याच कलमास घटनेचा आत्मा म्हटले होते.

कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढावा व नियम ३ महिन्यांत सुधारावेत, असा न्यायालयाचा हुकूम आहे. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगातून तो रकाना गेला काय, हे वाचकांनी लेखी विचारावे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जास १० रुपये लागतात.